जागल

ब्रह्मपुरी,
कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी

लाडक्या पोरी,

तुझा मेसेज परवा रात्री मिळाला. "मावशी, झाडीपट्टीतल्या नाटकाचा सीझन घेतलाय गं, पण गाडीत मला झोप येत नाही. चार महिने कसे काढू?" फोनवर दोन वाक्यांत उरकावा असा हा विषय नाही, म्हणून कागद घेऊन बसले.

काल कोजागिरी झाली. अंगणात दूध आटवलं, आळीतल्या बायका चंद्र डोक्यावर येईपर्यंत बसल्या आणि घरोघरी गेल्या. मी मात्र ओसरीवरच बसून राहिले. आमच्या घरामागच्या धानाच्या बांध्या तू पाहिल्या आहेस. धान लोंबीला आलाय. रानडुकरांचा कळप उतरला तर एका रात्रीत अख्खी बांधी तुडवून जातो, म्हणून या दिवसांत मचाणावर रात्रभर माणूस असतो. मधूनमधून पत्र्याचा डबा वाजवतो, लांब हाकारा देतो. याला आपल्याकडे जागल म्हणतात. लहानपणी त्या डब्याने माझी झोप कधी मोडली नाही. उलट, बराच वेळ डबा वाजला नाही की आई दचकून उठायची. आवाज येतोय म्हणजे कोणीतरी जागं आहे, मग आपण झोपायला हरकत नाही. तुला जे सांगायचंय ते मी तेव्हाच शिकले होते, पण गाडीतल्या झोपेशी त्याचा संबंध आहे हे कळायला नाटकातले तीन सीझन जावे लागले.

गेल्या उन्हाळ्यात लग्नाला तुम्ही पुण्याहून रातोरात गाडीने आलात. सकाळी दारात उतरलीस तेव्हाचा तुझा चेहरा आठवतो मला. खिडकीवरची मूठ धरून रात्र काढली म्हणालीस, आणि मागच्या सीटवर बसून पायाने ब्रेक दाबत होतीस. ताईने उशी दिली, उलटीची गोळी दिली, कानात गाणी लावून दिली. त्याने काय होणार? समोरून येणारा प्रत्येक दिवा तू मोजत होतीस. गाडीत सगळे झोपलेले आणि जागल तू एकटी करत होतीस. तुझी भीती खोटी नाही, पोरी. १ जुलै २०२३ ला मध्यरात्रीनंतर सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली बस उलटून पेटली आणि २५ माणसं गेली. इथल्या कितीतरी घरांतली मुलं शिकायला, नोकरीला पुण्यात आहेत. त्या रात्रीनंतर 'गाडीत झोपून घे' हे सांगताना आयांची जीभ अडखळते. माझीही अडखळायची.

एक गोष्ट वाचली तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवून दिलं, की परक्या जागेतल्या पहिल्या रात्री माणसाच्या मेंदूचा डावा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. बारीक आवाज झाला तरी तो आधी सावध होतो. म्हणजे अर्धं डोकं मचाणावर बसून असतं! ओळखीच्या जागेत दुसऱ्यांदा झोपलं की ते खाली उतरतं. पण आपल्या धंद्यात रोज नवं गाव, नवा रस्ता. आपली रोजच पहिली रात्र.

इथली रात्र कशी जाते ते आता सांगते, कारण ललित कला केंद्रात नाटक शिकताना तुला हे कोणी शिकवलं नसेल. दिवाळीनंतर गावोगाव मंडईच्या जत्रा भरू लागल्या की आपल्या नाटक कंपन्यांचं वडसा जागं होतं. कागदावर त्याचं नाव देसाईगंज, पण कलावंतांच्या तोंडी वडसाच. दुपारी सामानाचा ट्रक पुढे जातो, मागून आपण. गावात एखाद्याच्या घरी जेवण असतं, भाताची रास आणि वर वाफाळतं वरण, 'घ्या ना जी' म्हणत वाढणाऱ्या बायका. दहा-अकराला नांदी. लोक जमीन खोदून केलेल्या उतरत्या बैठकीत चादरी, घोंगड्या पांघरून बसतात. पाहुणे आलेले असतात, सोयरिकीची बोलणीही त्याच रात्री होतात. ऑर्गन, ढोलकी, लावणी, रडारड, मारामारी, सगळं रंगून प्रयोग संपतो तो पहाटे चार वाजता. लोक अर्ध्यातून उठून जात नाहीत, हे लक्षात ठेव. शेवटच्या प्रवेशातही त्यांना तुझा आवाज पहिल्या प्रवेशासारखाच हवा असतो. आपले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या त्या एका माणसाबरोबर रात्र जागणाऱ्या सगळ्या झाडीपट्टीचा मान झाला, असं मला वाटलं. मी त्या दिवशी रडले.

आणि चार वाजता, घशाला कोरड, अंगावर थंडी, आपण गाडीत बसतो. शरीराची ऊब सगळ्यात कमी होते ती याच सुमाराला, तीन ते पाचच्या मध्ये. झोपेचा जोर तेव्हा सगळ्यात जास्त असतो. आपल्यावर असतो, तसाच ड्रायव्हरवरही.

माझा तिसरा सीझन होता. चामोर्शीकडचा प्रयोग करून परतत होतो. गाडीत आम्ही आठ जण, आठही झोपलेले. नववा ड्रायव्हर, त्याचाही डोळा लागला. गाडी रस्ता सोडून धुऱ्यावरून खाली गेली आणि कापणी झालेल्या बांधीत रुतून थांबली. ऑर्गनवाल्या काकांचा खांदा निखळला, बाकी कोणाला फार लागलं नाही. झाड असतं तर आज हे पत्र लिहायला मी नसते. ड्रायव्हर पोरगा बांधीत उभा राहून रडत होता. मला त्याचा राग आला नाही, आजही येत नाही. संध्याकाळी सामान उतरवायला तो, नाटक चालू असताना गावात धावपळ करायला तो, आणि पहाटे गाडी हाकायलाही तोच. त्याने झोपायचं कधी, हा प्रश्न आमच्यापैकी एकानेही विचारला नव्हता.

त्यानंतर माझी झोप गेली ती गेलीच. दीड महिना मी गाडीत डोळा मिटला नाही. दिवसा खोलीवर पडायचे, पण बाजाराचा गलबला, पत्र्याचं छप्पर तापलेलं, दोन-तीन तासांपलीकडे झोप नाही. आवाज बसला. दुसऱ्या अंकात वाक्यं पुसून जायला लागली, प्रॉम्प्टरकडे बघावं लागायचं. आमच्या कंपनीत खलनायक करणारे एक म्हातारे गृहस्थ होते. एके रात्री मेकअप पुसता पुसता ते म्हणाले, "बाई, तुमी एकट्या काहून जागता? जागलीवानी पाळी लावा ना जी."

इतकं साधं होतं. पुढच्या रात्रीपासून आम्ही तेच केलं. नांदी झाली की ड्रायव्हर रंगमंचामागे अंथरुणात शिरणार, त्याला कोणी हाक मारायची नाही, सामान उचलायला सांगायचं नाही. परतताना त्याच्या शेजारी एक जण जागा बसणार, आणि अर्ध्या वाटेत बदली. जागणाऱ्याने नुसतं बसायचं नाही. बोलत राहायचं, त्याच्या जांभया मोजायच्या. लागोपाठ जांभया आल्या, उत्तरं तुटक यायला लागली, गाडी पांढऱ्या पट्टीकडे सरकली, की गाडी कडेला घ्यायची आणि त्याला पंधरा-वीस मिनिटं झोपू द्यायचं. खिडकी उघडून, गाणी मोठ्याने लावून झोप पळत नाही, थोडी लपून बसते एवढंच.

पहिली पाळी मीच मागून घेतली. गडचिरोली गेलं, पोर्ला आलं. तिथे ते खलनायक पुढे बसले आणि मी मागे गेले. धानाच्या भावावर त्यांचं बोलणं सुरू झालं. शब्द कळत नव्हते, नुसता आवाज येत होता, थांबत होता, पुन्हा येत होता. अगदी त्या डब्यासारखा. ठाणेगाव कधी गेलं मला ठाऊक नाही. आरमोरीत चहासाठी उठवलं तेव्हा दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्या तोंडाला झोपेची चव होती.

म्हणून सांगते, आधी गाडीतली जागल लाव, मग उशीचं बघ. पण बाकीचंही लिहिते, तुझा जीव कशात अडकतो ते मला माहीत आहे.

मेकअप पुसल्याशिवाय गाडीत चढायचं नाही. खोबरेल तेलाचा बोळा, मग कोमट पाणी. चेहरा ताणलेला असला की डोळे मिटत नाहीत. दुसरा अंक सुरू झाला की चहा बंद. मध्यंतरातला कप पहाटेपर्यंत रक्तात निम्मा तरी शिल्लक राहतो. बाहेर कडाका असतो, घाम मुरलेल्या अंगाने लगेच बसू नकोस, कोरडे कपडे घाल. आणि पाय गरम ठेव. हे माझ्या आजीचंही म्हणणं होतं, आणि स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या अभ्यासकांनी १९९९ साली 'नेचर'मध्ये तेच छापलं. पाय गरम असले की तिथल्या रक्तवाहिन्या पसरतात, पोटातली ऊब तिकडून बाहेर पडते, आतलं शरीर निवतं आणि झोप लवकर लागते. लोकरीचे मोजे घाल आणि पायांखाली पोशाखाची पिशवी घे म्हणजे ते लोंबकळणार नाहीत.

मधल्या ओळीत खिडकीजवळ बस. झोप गाढ झाली की मानेचे स्नायू सैल पडतात, डोकं पुढे किंवा बाजूला कोसळतं आणि आपण दचकून उठतो. लोक उशी मानेमागे घेतात, तिथे तिचा काही उपयोग नाही. शालीची जाड वळी कर आणि हनुवटीखालून खांद्यापर्यंत गुंडाळून घे, डोक्याला पडायला जागाच उरू नये अशी. पट्टा मात्र खांद्यावरूनच असू दे. टोचतो म्हणून काखेखाली सरकवू नकोस. ब्रह्मपुरीच्या जंगलातून येताना चितळ, डुक्कर, कधी खुद्द वाघही रस्त्यात उभा असतो, आणि ब्रेक लागतो तेव्हा झोपलेल्या माणसाला सावरायला वेळ मिळत नाही.

गाडीच्या हेलकाव्यांना घाबरू नकोस. जिनिव्हात २०१९ साली अठरा जणांना हळू हलणाऱ्या पलंगावर झोपवून पाहिलं, चार सेकंदांत एक झोका. त्यांना झोप लवकर लागली आणि जास्त गाढ लागली. आपल्याकडे पाळण्याची दोरी ओढणाऱ्या कुठल्याही आजीने हे सांगितलं असतं, पण मोजून कळलं याचा मला आनंद आहे. रस्ता काही पाळणा नव्हे, खड्डे आहेत, गतिरोधक आहेत. तरी डांबर बरं असलेल्या पट्ट्यात अंग सैल सोडून पाहा. जबडा आवळलाय का, खांदे कानापाशी गेलेत का, तेवढं तपास. आणि एक माझं खास. मनात काही घोळवायचंच असेल तर आपली वाक्यं घोळवू नकोस, त्यांनी काळजी जागी होते. दुसऱ्या कोणाची तरी म्हण. मी सासूचं काम करणाऱ्या बाईंची वाक्यं म्हणायचे. तिसऱ्या-चौथ्या वाक्यावर पुसट व्हायची.

नाहीच लागली झोप, तरी डोळ्यांवर ओढणी घेऊन पडून राहा आणि मोबाइल उघडू नकोस. 'झोपलंच पाहिजे' असं स्वतःला बजावू नकोस. झोपेच्या गोळीच्या वाटेलाही जाऊ नकोस. सकाळी गुंगीत उतरून रात्री काम करणाऱ्यांचे हाल मी पाहिलेत.

पुण्याहून येताना तुम्ही चौघं एका गाडीने निघणार म्हणतेस. ट्रेनने आलात तर मला जास्त आवडेल, पण पोशाखांच्या पेट्या आहेत, समजतं मला. मग निदान गाडी चालवणारा त्या दुपारी झोपलेला असू द्या. समृद्धीवर रस्ता सरळ आणि एकसारखा, डोळ्याला पकडायला काही नसतं, म्हणून तिथेच जागल कडक हवी. दर दोन तासांनी उतरा, चाला. नागपूर सोडलं की मला फोन करा, किती वाजले ते बघत बसू नका. मी उठलेलीच असेन.

तुझा पहिला प्रयोग चामोर्शीच्या बाजूला आहे, मी तारीख पाहून ठेवली आहे. मीही येणार आहे. परतताना तू मागे बस, मोजे घालून, शाल गुंडाळून. ड्रायव्हरशेजारी मी असेन आणि आमचं धानाबद्दल बोलणं चालू असेल. आरमोरीला उठवीन. तिथून वडशापर्यंत तुझी पाळी.

तुझी,
मावशी