मोरपंखी की मोगरा?

घर बांधायला काढले तेव्हा नकाशावरून आमच्याकडे फारसा वाद झाला नाही. वाद झाला तो बांधून झाल्यावर उरलेल्या पट्टीवरून. ओटा आणि फाटक यांच्यामध्ये दहा फूट लांब आणि चार फूट रुंद एवढी जमीन उरली होती. वडूजच्या मानाने जागा चांगली, पण पाण्याच्या मानाने तीही जास्तच. येरळा नदीचे पात्र वर्षातले कितीतरी महिने कोरडे पाहत आलेली आम्ही माणसे. बागेचा विचार करताना आधी बादल्या मोजतो, मग झाडे.

यांचे म्हणणे स्पष्ट होते. शोभेचे, बारा महिने हिरवे राहणारे झाड हवे. दुकानाच्या मालासाठी साताऱ्याला गेले आणि येताना टेम्पोत दोन मोरपंख्या घेऊन आले. तीन-तीन फुटांच्या, पंख्यासारखी चपटी पाने उभी धरलेल्या, अगदी इस्त्री केल्यासारख्या. नर्सरीवाल्याने यांना सांगितले होते की याची पानगळ नाही, कचरा नाही, फार निगा नाही आणि शेळीसुद्धा तोंड लावत नाही. हे सगळे हे इतक्या उत्साहाने सांगत होते की जणू झाड नव्हे, नवीन फ्रिजच आणला आहे.

अम्मा, म्हणजे माझ्या सासूबाई, ओट्यावर बसून ऐकत होत्या. त्यांनी एकच विचारले, "वास कशाचा येतो?"

"पान चुरगाळलं तर येतो थोडा," हे म्हणाले.

"न चुरगाळता?"

यावर हे गप्प.

अम्मांना मोगरा हवा होता, आणि तोही नर्सरीतला नाही. गल्लीतल्या जुन्या घरी जो होता, तोच. त्या लग्न होऊन म्हसवडहून आल्या तेव्हा माहेरच्या मोगऱ्याची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. तिचे पुढे मोठे झुडूप झाले. 1972 च्या दुष्काळात अम्मा दिवसभर रस्त्याच्या कामावर खडी फोडायच्या, मुलांसाठी सुकडी घेऊन यायच्या आणि भांडी विसळलेले पाणी मोगऱ्याला घालायच्या. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्या उन्हाळ्यात मोगऱ्याला पान राहिले नव्हते, पण मूळ जिवंत होते. ते झुडूप उपटून आणणे शक्य नव्हते, मुळे ओट्याच्या पायात शिरलेली. म्हणून आम्ही पावसाळ्याच्या तोंडाला दाब कलम केले. खालची एक लवचीक फांदी वाकवली, मध्ये बोटभर साल खरवडली, तेवढा भाग मातीत दाबून वर वीट ठेवली. दोन-अडीच महिन्यांनी मुळ्या धरल्या, तेव्हा फांदी कापून इकडे आणली. मोरपंख्या फाटकाच्या दोन बाजूंना आणि मोगरा ओट्याच्या पायरीशी, अशी तडजोड झाली.

"न चुरगाळता?" या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, ही या लेखातली सर्वांत अवघड ओळ आहे. अम्मा त्या काळात दाराच्या चौकटीला धडकायच्या. पायरी चुकायच्या. ताटाच्या कडेला ठेवलेली चटणी त्यांना सापडायची नाही. आम्ही म्हणायचो, वय झाले. मी तर एकदा वैतागून म्हणाले होते, "अम्मा, बघून चाला ना." नव्या घरात आल्यावर त्या एकदा पडल्या, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवले. निदान झाले काचबिंदू. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन करून नजर परत आली असती. काचबिंदूत डोळ्यातला दाब बहुधा वाढलेला असतो, आतली नस हळूहळू मरते आणि नजर कडांकडून जायला लागते. दुखत नाही, लाल होत नाही, म्हणून कळतही नाही. एक डोळा जवळजवळ गेला होता, दुसऱ्याने नळीतून पाहावे तेवढे दिसत होते. गेलेली नजर येणार नाही, उरलेली थेंब टाकून सांभाळायची, असे डॉक्टरांनी सांगितले. आणि यांच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "आईला आहे, तुमची चाळिशी उलटली आहे, तुम्हीही तपासून घ्या."

यांनी तीन महिने टाळले. मी रोज आठवण केली तेव्हा गेले. दाब वाढलेला निघाला. नजर शाबूत आहे, अल्लाहचे शुक्र. पण थेंब आता यांनाही सुरू आहेत. आपल्या घरात कोणाला काचबिंदू असेल तर भाऊ-बहिणींनी, मुलांनी चाळिशीनंतर डोळे जरूर तपासून घ्यावेत. चष्म्याचा नंबर काढणे म्हणजे डोळ्याचा दाब तपासणे नव्हे.

झाडांकडे येते. मी शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. उर्दू कवितेत 'सर्व' हे झाड पानोपानी येते. उंच, सडपातळ, प्रियेच्या उंचीला उपमा द्यायचे झाड. मुले विचारतात, "मिस, सर्व म्हणजे कसलं?" खरा सर्व वडूजमध्ये कुठून दाखवणार? मी मोरपंखी दाखवते, ती त्याच कुळातली. मुले तिला विद्येचे झाड म्हणतात आणि परीक्षेच्या आधी डहाळी पुस्तकात ठेवतात. आमचे विज्ञानाचे सर तिच्या निळसर हिरव्या, शिंगे फुटलेल्या गाठी दाखवून सांगतात की हे फळ नव्हे, हा शंकू. मराठीतला 'सुरू' हा शब्दही फारसीतल्या याच 'सर्व'वरून आला. गंमत म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर ज्याला आपण सुरू म्हणतो ते सूचिपर्णी नाहीच. नाव तेवढे पाहुण्याला चिकटले.

इराणात अब्रकूह येथे एक सर्व आहे, तो चार हजार वर्षांहून जुना मानतात. जुन्या इराणी आणि मोगल चित्रांत सर्वाच्या शेजारी अनेकदा बहरलेले बदामाचे झाड असते. एक न बदलणारे, एक दर वर्षी नव्याने फुलणारे. आमचा वाद काही नवा नव्हता तर! शेख सादींनी 1258 साली लिहिलेल्या 'गुलिस्ताँ'त एक गोष्ट आहे. एवढी फळझाडे असताना फळ न देणाऱ्या सर्वालाच 'आजाद' का म्हणतात, असे एकाने विचारले. ज्ञानी माणूस म्हणाला की बाकी झाडांचा ऋतू येतो आणि जातो, सर्वाला बहरही नाही आणि कोमेजणेही नाही. ही गोष्ट मी अम्मांना सांगितली. त्या म्हणाल्या, "फळ नाही, फूल नाही, मग आजाद असणारच की. लेकुरवाळीला विचार म्हणावं आजादी."

पहिल्या उन्हाळ्यात मोरपंख्या आतून तपकिरी पडल्या. मी घाबरले, पण आत ऊन पोहोचत नाही तिथे जुनी पाने वाळतातच. नंतर बाहेरची पानेही धुरकट झाली. ती मात्र कोरड्या हवेतली लाल कोळी होती. पानांवर पाण्याचा फवारा मारत राहिले, फरक पडला. खरी चूक यांनी केली. झाडाला चेंडूसारखा आकार द्यायचा म्हणून उजवीकडची मोरपंखी कात्रीने कापत कापत हिरव्याच्या आत, लाकडापर्यंत गेले. मोरपंखीच्या जुन्या उघड्या लाकडाला फुटवा येत नाही. तिथे जो खड्डा पडला तो आजही आहे. मोगऱ्याचे उलटे. हिवाळ्यात त्याचे पाणी तोडायचे, जानेवारीत निर्दयपणे निम्मा छाटायचा, शेणखत घालून पुन्हा पाणी सुरू करायचे. मार्चअखेर कळ्या धरतात. छाटलेला मोगरा पाहून शेजारीण म्हणाली होती, "मेला वाटतं." एप्रिलमध्ये तीच गजऱ्यापुरत्या कळ्या घेऊन गेली.

पाण्याचा प्रश्न अम्मांनीच सोडवला. पायरीवर बसून, तोटीचा लोटा घेऊन त्या मोगऱ्याच्या आळ्यावरच वजू करतात. प्रेषित मुहम्मद (स.) एका मुद पाण्यात, म्हणजे जेमतेम पाऊण लिटरमध्ये वजू करत, असे हदीसमध्ये आहे. अम्मांना थोडे जास्त लागते. तरी पाच वेळचे मिळून पाच-सहा लिटर होते, साबणाचा थेंब नसलेले. मोगऱ्याला वेगळी बादली लागत नाही. मोरपंख्यांना आठवड्यातून दोनदा एकेक बादली पुरते, काळ्या मातीत त्याहून जास्त घातली तर मुळे कुजतात.

असरची नमाज झाली की अम्मा बोटांनी चाचपून कळ्या मोजतात. आज फुलणारी कळी बोटाला टपोरी लागते, उद्याची घट्ट. त्या कधी चुकत नाहीत. मगरिबनंतर फुले उमलली की घरात कुठेही बसल्या असल्या तरी म्हणतात, "उमलला."

गेल्या महिन्यात हे म्हणाले, खड्डा पडलेली मोरपंखी वाईट दिसते, काढून टाकू आणि तिथेही मोगरा लावू. मला वाटले, अम्मा खूश होतील. त्या एकदम म्हणाल्या, "नको. दुल्हन, येच मेरे दरवाजे की निशानी है."

तेव्हा माझ्या लक्षात आले. शेजारी जाऊन परत येताना त्या भिंतीला हात लावत येतात आणि मोरपंखीच्या त्या चपट्या, खरखरीत पानांना हात लागला की फाटक चाचपतात. मोगरा हिवाळ्यात काड्या होऊन बसतो, त्याच्यावर काय भरवसा? मोरपंखी बारा महिने त्याच जागी, तशीच हाताला लागते. खड्ड्यामुळे तर आपले फाटक कोणते आणि शेजारचे कोणते तेही कळते. शेजाऱ्यांनीही आमचे पाहून मोरपंख्याच लावल्या आहेत.

झाड राहिले. रात्री नऊ वाजता मायलेक ओट्यावर बसतात. मी आधी अम्मांच्या डोळ्यांत थेंब टाकते, मग यांच्या. पाच मिनिटे डोळे मिटून बसायचे असते. हे घड्याळ विचारत राहतात. अम्मा विचारत नाहीत.