जाळी कुणी कापली ते आधी बघ

चि. सोनूस,


तू पाठवलेले मशीनवरच्या गार्डचे तिन्ही फोटो मोठे करकरून पाहिले. ‘मामा, उद्या वेल्डर येतोय, डागडुजी करून घेऊ की नवेच बनवू?’ असं तू विचारलंस. तिन्ही गार्ड पोलादाचे, तिन्ही मोडलेले, पण तिन्हींचं उत्तर एक नाही. गार्ड कशासाठी बसवलाय आणि तो कशाने मोडला, हे दोन प्रश्न आधी सोडव. पत्र्याचा भाव नंतर बघू.

ग्राइंडरचं पहिल्यांदा सांगतो, कारण तिथे विचाराला जागाच नाही. त्याच्या कव्हरला बोल्टच्या भोकापासून चीर गेली आहे. ते कव्हर नुसतं हात लागू नये म्हणून नसतं. स्टोन फुटलाच तर तुकडे आतल्या आत अडवणं हे त्याचं खरं काम. ३०० मिलिमीटरचा स्टोन मिनिटाला १४४० फेऱ्यांनी फिरतो तेव्हा त्याची कड ताशी ८० किलोमीटरच्या आसपास धावत असते, आणि तुकडा उडाला तर त्याच वेगाने समोरच्याच्या तोंडावर येतो. चिरेवर मारलेला टाका तो तडाखा झेलेल की नाही, हे वरवर बघून मला तरी सांगता येणार नाही. त्याच मेकचं, त्याच मापाचं नवं कव्हर मागव आणि ते येईपर्यंत ग्राइंडरचं कनेक्शन काढून ठेव.

कॉम्प्रेसरच्या बेल्ट गार्डची मात्र खुशाल डागडुजी कर. जाळी शाबूत आहे, फ्रेम सरळ आहे, फक्त ब्रॅकेट थरथरून तडकलंय. वेल्डरला सांग, चिरेच्या टोकाला आधी बारीक भोक मार, म्हणजे ती पुढे पळणार नाही. मग घासून टाका घाल. त्यापेक्षा ब्रॅकेटच जाड पट्टीचं केलंस तर उत्तम. गार्ड मशीनवर असताना वेल्डिंग करू देऊ नकोस. अर्थिंग चुकीच्या जागी लावलं की करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंग खराब होतं. जाळी गॅल्व्हनाइज्ड दिसते. टाक्याच्या जागेचं जस्त घासून काढायला लाव आणि काम उघड्यावर करू दे. तो धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. आणि मोटारीचे फाउंडेशन बोल्ट तपास. ते ढिले असतील तर नवं ब्रॅकेटही तडकणार.

आता कन्व्हेयर. माझा जीव खरा तिथे अडकलाय.

वाळूच्या कन्व्हेयरच्या टेल ड्रमवरची जाळी लोडरच्या धक्क्याने फाटली, असं तुला सांगितलंय. फोटो नीट बघ. धक्का बसला असता तर फ्रेम वाकली असती, तारा ताणल्या गेल्या असत्या. इथे फ्रेम जशीच्या तशी आहे. ओळीने दोन तारा कटरने साफ कापल्यात आणि हाताला टोचू नये म्हणून टोकं आत वळवलीत. खाली वाळूचा ढीग आहे, शेजारी पट्टी टेकवून ठेवलीय. ड्रमवर ओली वाळू चढते, बेल्ट एका अंगाला सरकतो, आणि लाइन बंद पडू नये म्हणून कुणीतरी चालू ड्रमवरची वाळू त्या फटीतून खरवडतो. पट्टी ड्रम आणि बेल्टच्या मध्ये सापडली तर हात सोडायलाही वेळ मिळत नाही, सोनू.

त्या दोन तारांनी काय बदललं ते आकड्यांत सांगतो. आयएसओ १३८५७ या मानकाप्रमाणे २५ मिलिमीटरचं चौकोनी भोक असेल तर जाळी धोक्याच्या जागेपासून १२० मिलिमीटरवर असली तरी चालते. बोटं आत जातात, पंजा अडतो. भोक लांबट झालं पण लांबी ६५ च्या आत राहिली, तर अंगठा अडतो, म्हणून २०० मिलिमीटर धरतात. लांबी ६५ च्या पुढे गेली की तेच अंतर ८५० होतं, कारण तिथून हात खांद्यापर्यंत आत जाऊ शकतो. तुझ्या जाळीतली फट आता ७५ च्या वर आहे.

उद्या तिथे जाळीचा तुकडा वेल्ड केलास तर आठवड्यात परत कापला जाईल, कारण वाळू चढायची थांबलेली नाही. म्हणून ही जाळी बदलच, पण जुन्याच मापाची बनवू नकोस. परतीच्या बेल्टवर, ड्रमच्या अलीकडे, व्ही आकाराचा स्क्रॅपर बसव, म्हणजे सांडलेली वाळू ड्रमपर्यंत पोचण्याआधीच बाजूला पडेल. ग्रीसच्या निपलना नळी जोडून ती गार्डच्या बाहेर काढ. ग्रीससाठी गार्ड उघडायची वेळच येऊ नये. गार्ड पत्र्याचा नको. २ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला जवळजवळ १६ किलो भरतो. एकट्या माणसाला उचलवत नाही, मग एकदा काढला की भिंतीलाच टेकून राहतो. अँगलच्या फ्रेममध्ये जाळी, दोन भागांत. पान्याशिवाय निघणार नाहीत आणि काढल्यावरही गार्डलाच अडकून राहतील असे बोल्ट.

खर्च जास्त येईल, हे मला कळतं. मी ज्या कायद्याखाली नोकरी केली, त्या १९४८ च्या कारखाने अधिनियमातल्या २१ व्या कलमात गार्ड भक्कम हवा एवढंच म्हटलेलं नव्हतं. तो कायम सुस्थितीत राखायचा आणि मशीन चालू असेतोवर जागेवर ठेवायचा, हेही लिहिलं होतं. त्या ‘कायम राखायचा’मध्ये स्क्रॅपरचा खर्चही आला, असं मी मानतो.

जाळी कापणाऱ्याला शोध, पण त्याच्यावर ओरडू नकोस. पाळीत किती वेळा वाळू काढावी लागते, कुठल्या बाजूने चढते, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसणार. नव्या गार्डचं माप घेताना त्याला जवळ उभा कर. तोवर वाळू काढायची ती लाइन थांबवून, मेन स्विचला कुलूप घालून, आणि किल्ली वाळू काढणाऱ्याच्याच खिशात. उत्पादन थोडं कमी निघेल. निघू दे.

जुनं ग्राइंडरचं कव्हर आणि ती जाळी गॅसने तुकडे करूनच भंगारात टाक. अख्खी ठेवलीस तर कुणीतरी घाईच्या दिवशी परत बसवेल. स्क्रॅपरसाठी बेल्टची रुंदी आणि ड्रमचा व्यास कळव, मी स्केच काढून पाठवतो.

तुझा,
मामा