माप आधी, पैसे नंतर : बावीसच्या रायफलचा दस्ता



आज मिरची, पपई, कापूस काही नाही. गेले चार महिने आमच्या घरात एकच विषय चालू आहे, पुतण्याच्या रायफलचा दस्ता. पारावर बसलं की कुणीतरी विचारतंच, "काय भाऊ, बंदुकीच्या नुसत्या लाकडाला दोन लाख?" दहा जणांना दहा वेळा सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकतो. आपल्या शहादा, तळोदा, नवापूरकडची पोरंही आता नेमबाजीकडे वळताहेत, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी गैरसमज काढू. ही पीक राखायची बंदूक नाही. ही पॉइंट टू-टू बोअरची, म्हणजे 5.6 मि.मी. गोळीची बोल्ट ॲक्शन रायफल. दर गोळीला हाताने बोल्ट मागे ओढायचा, रिकामं काडतूस बाहेर पडतं, नवीन घालायचं, बोल्ट बंद करायचा. 50 मीटरवर कागदी नाहीतर इलेक्ट्रॉनिक टार्गेट. त्याच्या मधल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मि.मी. आपल्या शर्टाच्या बटणाएवढा समजा. आणि हे तीन प्रकारे मारायचं : गुडघ्यावर बसून, पडून आणि उभं राहून. याच प्रकारात कोल्हापूरच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक आणलं. फायनलच्या 44 गोळ्यांत 451.4 गुण, म्हणजे गोळीमागे दहाच्या वर सरासरी, तेही तिन्ही प्रकार धरून. त्याच्याआधी 2010 साली कोल्हापूरचीच तेजस्विनी सावंत म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली होती. खेड्यापाड्यातल्या पोरांना हा खेळ आपला वाटायला लागला तो अशा लोकांमुळे.

पुतण्या 22 वर्षांचा, पुण्याला शिकतो आणि बालेवाडीला सराव करतो. त्याला एका जुन्या खेळाडूकडून रायफल मिळाली. लायसन्स, नोंद, हस्तांतर सगळं रीतसर झालं, त्यात बरेच महिने गेले. नळी उत्तम, बोल्ट लोण्यासारखा. पण दस्ता आधीच्या मालकाच्या मापाचा. तो माणूस सहा फुटांच्या वर, हात लांब, पंजा रुंद. आमचा गडी पाच फूट पाच इंच.

दस्ता म्हणजे काय, तर नळी आणि बोल्ट ज्याच्यात बसतात तो मागचा-खालचा सगळा सांगाडा. पोरं त्याला 'स्टॉक' म्हणतात. खांद्याला टेकतो, गालाला लागतो, दोन्ही हातात असतो. आपल्याला समजायला सोपं आहे. कुऱ्हाडीचं पातं बाजारातून आणतो, पण दांडा ज्याच्या हाताचा त्यालाच लागतो. धावड्याचा चांगला चिवट दांडा असला, पण मूठभर जाड झाला, तर दुपारपर्यंत मनगट भरून येतं. फवारणीचा पंप उंच गड्याच्या पट्ट्यावर बुटक्या माणसाने घेतला तर दोन टाक्यांत कंबर जाते. लाकूड तोडताना, फवारताना आपण रेटून नेतो. इथे रेटून चालत नाही.

का चालत नाही त्याचा हिशोब सांगतो, सरांनी मला कागदावर करून दाखवला. रायफलच्या पुढच्या आणि मागच्या साईटमध्ये अंदाजे 80 सें.मी. अंतर धरा. पुढची साईट मागच्या साईटच्या मध्यापासून एका साध्या कागदाच्या जाडीएवढी, म्हणजे 0.1 मि.मी. सरकली, तर 50 मीटरवर गोळी सुमारे 6 मि.मी. सरकते. दहाच्या वर्तुळाच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतरच 5.2 मि.मी. आहे. म्हणजे गाल दर वेळी वेगळ्या जागी टेकला, डोळा जरा इकडे तिकडे झाला, की खेळ संपला. नळी कितीही चांगली असो, डोळा दर वेळी त्याच जागी आणून ठेवायचं काम दस्त्याचं आहे.

घरी बोलणं सुरू झालं तेव्हा तीन मतं होती. पुतण्याला चकचकीत निळा ॲल्युमिनियमचा हवा होता. माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं म्हणणं, "सातपुड्याच्या पायथ्याशी राहतो आपण, साग-शिसवाच्या मुलखात. मिस्तरीला सांग, लाकडाचा बनवेल." आणि आईचं म्हणणं, आहे त्याच्यावर खेळ, पैसा घरात राहू दे.

मी म्हटलं, आधी माप काढू. कशाचा घ्यायचा ते नंतर.

सहा आठवडे जुन्याच दस्त्यावर पाचरा मारल्या. खरंच पाचरा. बटप्लेट म्हणजे खांद्याला टेकते ती पाटी. ती पुरेशी आत येईना, म्हणून मागून लाकूड कापायच्या ऐवजी क्लबमधली जुनी छोटी बटप्लेट लावून प्लायवुडच्या चकत्यांनी लांबी जमवली. गालाखाली फोमचे तुकडे चिकटपट्टीने बांधले. मुठीवर लाकडाचा भुसा आणि एपॉक्सीचा लगदा थापून त्याच्या पंजाचा आकार घेतला. दर बदलाला वहीत तारीख, मिलिमीटर आणि दहा गोळ्यांचे गुण.

मोजायच्या गोष्टी पाच :

एक, लांबी. खांद्यापासून चापापर्यंतचं अंतर. जास्त असलं की माणूस मागे झुकतो आणि मान पुढे ताणतो.

दोन, गालपट्टीची उंची आणि आडवी जागा. डोकं सरळ ठेवून गाल सहज टेकला पाहिजे. गाल दाबून साईट दिसत असेल तर पट्टी चुकीची.

तीन, मूठ. पंजा बसल्यावर बोटाचं पहिलं पेर चापावर सरळ यायला हवं. चाप इतका हलका असतो की बोट तिरकं ओढलं तरी नळी हलते.

चार, बटप्लेटची उंची. आमच्या पोराला उभ्याने मारताना ती पडून मारण्यापेक्षा जवळजवळ 3 सें.मी. खाली लागते, म्हणजे रायफल वर येते आणि मान ताठ राहते.

पाच, वजन आणि तोल. पुरुषांच्या या प्रकारात रायफल सगळ्या सामानासकट 8 किलोच्या आत पाहिजे. मिरची मोजायच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली, 6 किलो 400 ग्रॅम भरली. पण वजन किती यापेक्षा ते कुठे आहे हे जास्त महत्त्वाचं. पुढे जड झाली तर उभ्याने डावा हात लवकर थकतो.

आणि या सगळ्याची परीक्षा एकच, बिनपैशाची. रायफल रिकामी, बोल्ट उघडा. डोळे मिटून पोझिशन घ्यायची, दोन-तीन श्वास सोडायचे, मग डोळे उघडायचे. साईट डोळ्यासमोर असेल तर दस्ता अंगाचा. डोकं हलवून शोधावी लागली तर अजून काम बाकी.

सहा आठवड्यांनी वही बघितली. पडून मारताना दहा गोळ्यांत 97-98 होत होते, ते तेवढेच राहिले. गुडघ्यावर थोडा फरक. उभ्याने मात्र 88-89 वरून 92-93 वर आला. सर म्हणाले, "सगळं श्रेय पाचरांना देऊ नका, सरावही झालाय." बरोबर आहे. पण मानदुखी बंद झाली, ती पाचरांनीच.

दादाने वही बघून सरळ प्रश्न केला, "मग पाचरांवरच खेळू दे ना! दोन लाखांत तीन एकराचं ठिबक होतं."

प्रश्न रास्त होता. दोन दिवस माझ्याकडेही उत्तर नव्हतं. उत्तर पुतण्याने दिलं. म्हणाला, "काका, स्पर्धेत तिन्ही प्रकार एकामागून एक, एकाच वेळेत. गुडघ्यावरून पडायचं, पडल्यावरून उभं राहायचं, दर वेळी लांबी, उंची, गालपट्टी बदलायची. फोम परत त्याच जागी बसेल का?"

ते मला पटलं. पेरणी यंत्रावर दात्यांच्या खुणा असतात ना, सोयाबीनला इथे, हरभऱ्याला तिथे. खुणा नसत्या तर दर हंगामाला अंदाजाने बसवत बसलो असतो. चांगला दस्ता म्हणजे तेच. प्रत्येक बदलाला आकड्यांची पट्टी, घट्ट स्क्रू, आणि बदल परत त्याच आकड्यावर येणार. आम्ही पैसे मोजले ते या खुणांचे. रंगाचे नाही, लाकडाचेही नाही.

यावरच निवड झाली. मिस्तरीला रायफलचे फोटो आणि मापं दाखवली. माणूस जाणता. म्हणाला, "भाऊ, बनवेन. पण लाकूड दोन-तीन वर्षं मुरलेलं पाहिजे, आणि मुठीच्या मागे बारीक जागा आहे तिथून रेषा सरळ गेली पाहिजे, नाहीतर तिथेच तडकेल." अगदी खरं, लाकडी दस्ते तिथेच मोडतात. परदेशातले कारागीर अक्रोडाचे किंवा लाकडाचे पातळ थर चिकटवून सुंदर दस्ते करतात, अंगाच्या मापाने. पण पावसाळ्यात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. नळीची बैठक केसभर हलली की नेम बदलतो. पुण्याचा पावसाळा आणि आपल्याकडचा मे महिना, दोन्ही सोसायचं आहे त्याला. उपाय असतात, बैठकीत एपॉक्सी भरतात, धातूचे खांब बसवतात. तरी कोरलेलं लाकूड एका मापाचं. उद्या जाड जॅकेट घेतलं, अंगकाठी बदलली, तर परत रंधा.

म्हणून ॲल्युमिनियमचा ठरला. त्यालाही खोड आहे. थंडीत गालाला गार लागतो, उन्हात तापतो आणि लाकडासारखा धक्का पीत नाही. पण गालपट्टी आणि मूठ लाकडाची बसवता येते. मूठ मिस्तरी करणार, शिसवाच्या जुन्या तुकड्यातून. लगद्याचा साचा त्याच्याकडे दिलाय. दादाचं लाकूडही आलं, तक्रार मिटली. आईची अजून नाही मिटली.

ऑर्डर देताना विक्रेत्याकडून या गोष्टी लेखी घेतल्या. रायफलचा नेमका मॉडेल आणि बोल्टची बाजू. आपल्या बैठकीत बसेल याची खात्री. प्रत्येक बदलाची कमीत कमी आणि जास्तीत जास्त मर्यादा, मिलिमीटरमध्ये, म्हणजे वहीतले आपले आकडे मधोमध येतात का ते तपासता येतं. एकदम टोकाला येत असतील तर तो दस्ता घेऊ नये, पुढे सरकायला जागा राहत नाही. दस्त्याचं स्वतःचं वजन. स्क्रू किती ताकदीने आवळायचे त्याचा आकडा. कस्टम आणि वाहतूक धरून एकूण भाव, आमचा 2 लाख 10 हजार झाला. आणि नाही बसला तर परत घेणार का.

कायद्याचं विसरू नका. रायफल लायसन्सवरची आहे. नळी, बोल्ट, नंबर यांना हात लावायचा नाही. दस्ता नुसता सांगाडा असला तरी बाहेरून मागवण्याआधी रायफल असोसिएशनला आणि लायसन्स शाखेला विचारून घ्या, बिल जपून ठेवा.

ज्यांची पोरं अजून 14-15 वर्षांची आहेत त्यांना माझं सांगणं, दस्त्यावर एवढा खर्च करूच नका. पोरगं वर्षात चार बोटं वाढतं. क्लबची रायफल, फोम, प्लायवुड आणि एक वही, एवढ्यावर दोन वर्षं आरामात निघतात. दारावर उंचीची खूण करता तशी वहीत मापाची नोंद ठेवा. पुढे दस्ता घ्यायची वेळ आली तर तीच वही विक्रेत्यासमोर ठेवायची. आणि पोरगी-पोरगा कुणीही असो, डोळा कुठला जोरकस आहे ते आधी बघा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या झाडाकडे बोट दाखवायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला. ज्या डोळ्याने बोट झाडावरच राहतं तो जोरकस. उजव्या हाताचा माणूस डाव्या डोळ्याचा निघू शकतो. मग डावा दस्ता घ्यायचा की उजव्याच हाताने मारून डाव्या डोळ्यापुढे पट्टी लावायची, ते सरांना विचारून ठरवा.

आमची अर्धी रक्कम गेली. तीन महिने थांबायचंय. पपईचा हप्ता आला की उरलेली देऊ. दादाने दिली तेव्हा एवढंच म्हणाला, "पदक आणलंच पाहिजे असं नाही. पण वही बंद करू नको." पोराने मान डोलावली.

दस्ता आला की पहिल्या दिवशी गोळी चालवायची नाही असं ठरलंय. आधी वहीतले आकडे लावायचे, मग डोळे मिटून बसायचं.

काळजी घ्या मंडळी. फवारणीला जाणाऱ्यांनी पंपाचे पट्टे आपल्या मापाने ओढून घ्या, तेवढं फुकट आहे.