लाल पाइपाची गोष्ट

तुमच्या इमारतीच्या जिन्यात खालपासून वरपर्यंत गेलेला एक जाडजूड लाल पाइप आहे का? प्रत्येक मजल्यावर त्याला चाकाचा व्हॉल्व्ह आणि शेजारी काचेची लाल पेटी? आमच्या दहा मजली इमारतीत आहे. एकदा वर्गात एका मुलीनं विचारलं, "बाई, तो पाइप कशाला असतो हो?" मी म्हटलं, "आग विझवायला," आणि फळ्याकडे वळले. खरं सांगू? त्यापुढचं मलाच ठाऊक नव्हतं!

मग एका दिवाळीत फटाक्याची ठिणगी उडाली आणि दुसऱ्या मजल्यावर जिन्यात रचलेली रद्दी पेटली. वॉचमनकाकांनी धावत येऊन व्हॉल्व्ह फिरवला. फुस्स! नुसती हवा. पंप रात्री आवाज करतो म्हणून कुणीतरी त्याचा खटका बंद केला होता आणि पाइप केव्हाच रिकामा झाला होता.

बंब आला. फाटकाजवळ भिंतीत लाल तोंडं असतात. तिथं बंबाचा होज जोडला की पाणी थेट त्या पाइपात चढतं. पण तोंडांपुढे एक स्कूटर आडवी उभी होती. कोणाची? माझी. मी सातव्या मजल्यावर, किल्ली माझ्याकडे आणि जिन्यात धूर! जवानांनी स्कूटर उचलून बाजूला केली, आग विझवली. चौथ्या मजल्यावरच्या आजींना त्यांनी उचलून खाली आणलं. आजी बऱ्या झाल्या, पण मला कित्येक रात्री झोप लागली नाही.

पुढच्या रविवारी मी अग्निशमन केंद्रात गेले आणि शाळकरी मुलीसारखी वही उघडून बसले. तिथल्या साहेबांनी समजावलं ते असं. जमिनीखाली आगीसाठी राखीव पाण्याची टाकी असते. तिच्यातलं पाणी दुसऱ्या कामाला वापरायचं नाही. 'जॉकी' नावाचा छोटा पंप पाइपातला दाब कायम राखतो. कुठलाही व्हॉल्व्ह उघडला की दाब उतरतो आणि मोठा पंप आपोआप सुरू होतो. आगीत वीज गेली तर? म्हणून डिझेलवर चालणारा पंपही ठेवतात. लाल पेटीत 15 मीटर लांबीचे होज आणि पितळी नोझल असतं.

पंप केवढा घ्यायचा, याचं गणित तर तुम्हालाही जमेल. पाणी 10 मीटर उंच चढवायला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 1 किलो दाब लागतो. इमारत 30 मीटरची, म्हणजे झाले 3 किलो. सर्वांत वरच्या व्हॉल्व्हपाशीही साडेतीन किलो दाब उरायला हवा. बेरीज साडेसहा. शिवाय पाइपाच्या घर्षणात थोडा दाब खर्च होतो. म्हणून पंप साडेसहापेक्षा जोरदार हवा!

केंद्रातून निघताना साहेब म्हणाले, "14 एप्रिल ही तारीख मुलांना सांगा." 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' या जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले. आग विझवताना अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. म्हणून तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलीला तिच्या प्रश्नाचं पुरं उत्तर दिलं, आणि स्कूटरची गोष्टही लपवली नाही. मुलं आधी हसली, मग गप्प झाली.

आता आमच्या सोसायटीत दर महिन्याला पंप चालवून पाहतात. लाल तोंडांपुढची जागा मोकळी राहावी म्हणून तिथं पिवळा चौकोन आखलाय. तो मीच रंगवला!

तुम्ही व्हॉल्व्हला हात लावू नका हं. ते मोठ्यांचं काम. पण आज आईबाबांचा हात धरून खाली जा. पाइपातला दाब दाखवणारा काटा शून्यावर तर नाही ना? पेटीत होज आहे ना? आणि हो, लाल तोंडांपुढे कोणाची गाडी उभी आहे, तेही पाहून या!