समुद्र लांब आहे, पण...

परवा मामाकडे जाऊन आले. शिरूरपासून थोडं आत, न्हावऱ्याच्या बाजूला त्याची शेती. घरची मंडळी हे वाचणार आहेत, त्यामुळे आधीच सांगते, मामाशी माझं भांडण वगैरे काही झालेलं नाही. वाद झाला. आमच्याकडे दोन्हीत फरक करतात.

वादाचं कारण बोअर. मामाची पहिली बोअर कधीच आटली, दुसरी उन्हाळ्यात तासभर चालते आणि मग फुसफुसते. ऊस उभा आहे. आता तिसरी घ्यायची, त्यातले काही पैसे मी द्यायचे, असं मामाच्या मनात होतं. द्यायला माझी ना नव्हती, पण दोन बोअर कोरड्या पडलेल्या रानात तिसरीला पाणी कुठून येणार, हे मला कळेना. मी म्हटलं, "मामा, त्यापेक्षा ठिबक करू या." मामा म्हणाला, "ठिबकला पन पानीच लागतं ना गं?" झालं! संवाद तिथेच संपला.

संध्याकाळी अंगणात मामाची नात माझ्याजवळ येऊन बसली. पाचवीत आहे, शाळेत जलचक्र झालेलं. तिने विचारलं, "आत्या, समुद्राचं पाणी वर जातं, मग पाऊस होऊन आपल्याकडे पडतं. मग पावसाळ्यात समुद्र खाली जातो का गं?"

खरं सांगते, मी क्षणभर गप्प झाले. इतका साधा प्रश्न आपल्याला शाळेत कधी पडला नाही. आपण जलचक्राची आकृती काढली, बाणांना निळा रंग दिला आणि पाच मार्क घेतले!

तर उत्तर आहे, हो, जातो. आणि हे मोजलेलंही आहे.

सुरुवात आमच्या उजनीपासून केली, कारण दौंडच्या लोकांना हे धरण घरचंच. पूर्ण भरलं की त्यात ११७ टीएमसी पाणी असतं, म्हणजे साधारण ३.३ घन किलोमीटर. आता जगभरच्या समुद्रांचं क्षेत्रफळ ३६ कोटी चौरस किलोमीटरच्या आसपास. सगळा समुद्र एक मिलिमीटरने खाली न्यायचा तर त्यातून सुमारे ३६० घन किलोमीटर पाणी काढावं लागेल. म्हणजे अख्खी उजनी भरली तरी समुद्र मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकाही उतरत नाही. "म्हणजे काहीच नाही," असं म्हणून ती हिरमुसली.

मग तिला २०१०-११ ची गोष्ट सांगितली. उपग्रहांनी १९९३ पासून मोजलेला समुद्र दरवर्षी सरासरी तीन मिलिमीटरहून थोडा जास्त वर चढतोय. बर्फ वितळतोय, पाणी तापून फुगतंय. पण २०१० च्या सुरुवातीपासून २०११ च्या मध्यापर्यंत तो चढायचा सोडून चक्क पाचेक मिलिमीटर खाली आला! ला निना जोरात होती. ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, आग्नेय आशिया इथे बेसुमार पाऊस झाला. समुद्रातून उठलेलं इतकं पाणी जमिनीवर अडकून बसलं. हिशेब केला तर साडेपाचशे उजनी! त्यात ऑस्ट्रेलियाच्या मधल्या भागातल्या नद्या समुद्राला मिळतच नाहीत, आयर नावाच्या खोलगट सरोवराकडे जातात. तिथलं पाणी वाफ होऊन उडेपर्यंत परतीची वाटच नाही. पुढे हळूहळू ते परतलं आणि समुद्र पुन्हा चढायला लागला. एल निनोच्या वर्षी उलटं होतं, जमिनीवर पाऊस कमी आणि समुद्र जरा जास्तच वर. २०१५-१६ ला तसं झालं होतं.

"पण हे कळतं कसं?" पोरगी सोडते थोडीच.

दोन जुळे उपग्रह, २००२ मध्ये सोडलेले. एकामागून एक, मध्ये सुमारे २२० किलोमीटर अंतर. खाली जमिनीत किंवा धरणात पाणी जास्त असलं की तिथली ओढ जास्त. पुढचा थोडा पुढे खेचला जातो, मग मागचा. अंतरातला हा केसाहून बारीक फरक मोजून पृथ्वीवर पाणी कुठे वाढलं, कुठे घटलं ते सांगता येतं. शास्त्रज्ञ त्यांना लाडाने टॉम आणि जेरी म्हणत. हे ऐकल्यावर मात्र बाईसाहेब खूश! ते २०१७ ला थांबले, २०१८ पासून त्यांची पुढची जोडी फिरतेय.

हे दरवर्षीही घडत असतं. जगातली बरीचशी जमीन उत्तर गोलार्धात. हिवाळ्यात तिथे बर्फ साचतो, म्हणजे तेवढं पाणी समुद्रातून उसनं घेतलेलं. ते वितळून नद्यांतून परत जातं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास समुद्रात पाणी सगळ्यात जास्त असतं. उसनवारीचाच व्यवहार आहे सगळा.

आमचं बोलणं मामा बाजेवर पडून ऐकत होता. मला वाटलं झोपलाय. एकदम म्हणाला, "आन आमच्या बोअरचं पानी?"

आता हा खरा प्रश्न होता. जमिनीतून उपसलेलं पाणी उसाच्या पानांतून हवेत जातं. हवेत ते सरासरी आठ-नऊ दिवस राहतं आणि कुठेतरी पडतं, बहुतेक समुद्रातच. पुढच्या पावसाने भोक पुन्हा भरलं तर हिशेब फिटला. पण जे भरून निघत नाही, ते कायमचं समुद्राच्या खात्यात जमा. जगात सगळ्यात जास्त भूजल उपसणारा देश आपलाच आहे. उलट धरणांनी समुद्राला थोडं अडवून धरलं. विसाव्या शतकात जगभर बांधलेल्या धरणांनी समुद्र सुमारे ३ सेंटिमीटर खाली ठेवला, असा एक अंदाज आहे. पण आपल्या खडकातलं पाणी एकदा गेलं की गेलं.

मामा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुजा समुद्र लांब हाय गं. माजी मोटर हितं हवा वढतीया."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

दुसऱ्या दिवशी दौंडहून गाडी पकडायची होती. न्हावऱ्याहून चौफुल्याकडे येताना पारगावच्या पुलावर भीमा लागते. पुण्याची मुळा-मुठा तिला मिळालेली असते, म्हणजे आपल्या न्हाणीघरातलंही पाणी तिच्यातच. तिथून उजनी, मग कृष्णा, मग बंगालचा उपसागर. नदी एकच, पण मला त्या दिवशी पहिल्यांदा ती दोन्हीकडे वाहताना दिसली, खाली समुद्राकडे आणि वर ढगांतून परत मामाच्या रानाकडे. मधल्या टप्प्यावर आपण मोटर लावून बसलोय.

घरी आल्यावर मामाला फोन केला. पैसे पाठवते म्हटलं, काय करायचं ते तू ठरव. तो म्हणाला, "निम्म्या रानात ऊस ठेवतो. बाकीच्यात ठिबकवर कांदा करून बघतो. बोअरचं पाऊस झाल्यावर बघू."

निम्मं तर निम्मं. असो. पाऊस कधी येतोय ते बघायचं आता.