एक प्रश्नचिन्ह

बेट्टदपुरच्या डोंगरावर सिडिलु मल्लिकार्जुनाचं देऊळ आहे. सिडिलु म्हणजे कन्नडमध्ये वीज. खाली तंबाखूची शेतं. इथे भाड्याच्या खोलीत बसून एक मराठी प्रोग्रामर सी भाषेतलं छोटंसं पॅकेज सांभाळतो.

‘मेक’ या बांधणीच्या साधनाला सूचना देणाऱ्या त्याच्या मेकफाइलची पहिलीच ओळ रुबाबदार होती: सीफ्लॅग्ज, बरोबरचं चिन्ह, पुढे डॅश ओ थ्री आणि डॅश मार्च नेटिव्ह. बांधणी ज्या यंत्रावर होतेय, त्याच्या प्रोसेसरला येतं ते सगळं वापर, असा कंपायलरला हुकूम. नव्या लॅपटॉपवर प्रोग्राम सुसाट पळे. तीच तयार फाइल पुण्यातल्या मित्राने जुन्या मशीनवर चालवली, आणि ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत ती जागीच कोसळली.

हे निदान दिसलं तरी. दुसरी चूक गुपचूप बसली होती.

फेडोरासारखी लिनक्स वितरणं बांधणीच्या वेळी आपले फ्लॅग्ज एन्व्हायर्नमेंटमधून देतात. त्यांत ‘फोर्टिफाय सोर्स’ असतो: मेमकॉपीसारखं फंक्शन ठरल्या जागेबाहेर लिहू लागलं, की प्रोग्राम तिथेच थांबवणारा पहारेकरी. दुसऱ्या पातळीवर त्याला जागेचं माप कंपायलच्या वेळीच कळावं लागे. तिसरी पातळी चालत्या प्रोग्राममध्ये ठरणारी मापंही धरते. जीसीसी १२ ने तिला आधार दिला आणि २०२३ च्या फेडोरा ३८ मध्ये ती डीफॉल्ट झाली. ती डीफॉल्ट करण्याचा प्रस्ताव सिद्धेश पोयरेकर यांचा. पूर्वी ते पुण्यात रेड हॅटमध्ये होते.

पण मेकफाइलमधलं साधं बरोबरचं चिन्ह एन्व्हायर्नमेंटवर मात करतं. म्हणजे बेट्टदपुरच्या एका ओळीने हा पहारेकरी हाकलून दिला होता, आणि मेकने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता. बांधणीचा लॉग ओळीओळीने वाचला तेव्हा कुठे कळलं.

दुरुस्ती एका प्रश्नचिन्हाची. बरोबरच्या आधी ते टाकलं, की ‘कोणी काही दिलं नसेल तरच हे घे’ असा अर्थ होतो. (सीसी या चलावर ही युक्ती चालत नाही, मेक त्याला स्वतःच आधी किंमत देऊन बसतो.) पॅकेजला ज्यांच्यावाचून चालतच नाही ते फ्लॅग्ज त्याने वेगळ्या चलात हलवले, कारण कमांडवर कोणी सीफ्लॅग्ज लिहिले तर मेकफाइलमधले पुसलेच जातात. कंपायलरच्या ओळीत आधी पॅकेजचे, शेवटी बांधणाऱ्याचे. डीफॉल्ट म्हणून डॅश जी, डॅश ओ टू: ऑटोकॉन्फ जीसीसीसाठी देतं तेच.

मार्च नेटिव्ह त्याने सोडलेलं नाही. ते आता फक्त त्याच्या स्वतःच्या शेलच्या फाइलमध्ये आहे.