कॉल आला की

यांनी पॅसेंजर गार्डचं प्रमोशन नाकारलं, हे मला भाजीच्या गाडीवर कळलं. फेब्रुवारी 2001. हातात मेथीची जुडी होती. पलीकडच्या क्वार्टरमधल्या वहिनी म्हणाल्या, ‘भावजींनी रिफ्यूजल दिलं म्हणे. आमच्याकडे असतं तर पेढे वाटले असते.’ मी जुडी परत गाडीवर ठेवली आणि घरी आले. त्या दिवशी कसली भाजी केली ते आठवत नाही. मेथीची नव्हती, एवढं नक्की.

या गोष्टीला दोन तपं उलटून गेली. ती आत्ता वर आली ती भाचीमुळे. धाकट्या बहिणीच्या मुलीला स्थळ आलं आहे. मुलगा मालगाडीवर असिस्टंट लोको पायलट आहे. मुलीच्या मनात आहे, बहिणीच्या नाही. मग सगळ्यांचं ठरलं, मावशीला विचारा, तिनं तीस वर्षं काढली आहेत. हा ‘काढली’ शब्द मला लागला. शिक्षा काढतात. मी ती वर्षं जगले.

माझं माहेर अमळनेरचं. वडील शिक्षक. संध्याकाळी साडेसातला पानं मांडायची, नऊला दिवे बंद. 1988 मध्ये लग्न होऊन भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आले. हे तेव्हा गुड्स गार्ड होते. मालगाडीला टाइमटेबल नसतं, हे बाहेरच्यांना कितीही सांगितलं तरी पटत नाही. कोळसा भरून झाला, इंजिन मिळालं, पुढची लाइन मोकळी झाली की गाडी निघते. ड्यूटीवरून घरी आलं की सोळा तासांची रेस्ट. ती संपली की कधीही कॉल. रात्री दीडला सायकलची घंटा वाजायची, कॉलबॉय फाटकातून हाक मारायचा, ‘गार्डसाब, कॉल है!’ कॉलबुकात सही केली की दोन तासांत लॉबीत हजर. कधी बडनेरा, कधी खंडवा, कधी इगतपुरी. तिथल्या रनिंग रूममध्ये झोपायचं, आणि परतीचा लोड मिळेल तेव्हा परत. परत कधी, हे ना त्यांना ठाऊक ना मला.

मी अर्ध्या तासात डबा करायला शिकले. भाकरी, कोरडं पिठलं, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा ठेचा. उन्हाळ्यात विटणार नाही तेच द्यायचं. भुसावळचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर लिहून ठेवायला शिकले. त्या त्या तारखेच्या चौकोनात हे गेल्याची वेळ, आल्याची वेळ. कधी एका चौकोनात तीन आकडे, कधी सलग दोन चौकोन रिकामे.

सुरुवातीची आठ-दहा वर्षं मला हे आयुष्य मुळीच आवडलं नाही. ते गोड करून सांगणार नाही. 1996 च्या सप्टेंबरात मुलीला मलेरिया झाला. रात्री अकराला ती तापात बडबडायला लागली. हे बडनेऱ्याला. तीन वर्षांच्या मुलाला शेजारी टाकलं आणि तिला खांद्यावर घेऊन रिक्षा शोधत निघाले. सलाइन लागल्यावर पहाटे बाकावर बसून मी देवापाशी एकच मागणं मागितलं. यांना पॅसेंजरची लिंक मिळू दे. लिंक म्हणजे ठरलेल्या गाड्या, ठरलेल्या वेळा, आज गेले की उद्या इतक्या वाजता घरी. चार वर्षांहून जास्त ते एकच मागणं होतं.

जानेवारी 2001 मध्ये नाव निघालं. मी देवापुढे साखर ठेवली. आईला पत्र लिहिलं. मुलांना सांगितलं, आता बाबा रोज दिसतील. हे काही बोलले नाहीत, आणि त्यांच्या न बोलण्याचा अर्थ मी होकार असा घेतला. भाजीच्या गाडीवर कळलं तेव्हा रिफ्यूजलवर सही होऊन तीन दिवस झाले होते. ते तीन दिवस मी यांना वाढत होते. गरम भाकरी तव्यावरून उतरवून ताटात टाकत होते. त्यातल्या एका दुपारी मी म्हणालेसुद्धा होते, ‘आता तुमच्यासाठी एक जुनं घड्याळ दुरुस्त करून घेते, हॉलमध्ये लावू.’ हे ‘हं’ म्हणाले होते. त्या ‘हं’चा राग मला आजही येतो. माणूस खोटं बोलला असता तरी चाललं असतं, पण सही करून आलेल्या माणसानं घड्याळाला ‘हं’ म्हणावं?

मी विचारलं. जास्त आरडाओरडा केला नाही. म्हटलं, मला का नाही विचारलंत? यांचं उत्तर शब्दन् शब्द लक्षात आहे. ‘विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.’

म्हणजे माझं उत्तर यांना ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच विचारलं नाही. यावर बायकोनं काय बोलायचं? रिफ्यूजल दिलं की एक वर्ष पुन्हा नाव येत नाही. ते वर्ष मी यांच्याशी कामापुरतं बोलले.

त्याच वर्षात केव्हातरी यांनी कारण सांगितलं. पुढे 58 वाघिणी कोळसा, इंजिन अर्ध्या किलोमीटरहून लांब, मागच्या ब्रेकव्हॅनमध्ये हे एकटे. रात्री मलकापूर-नांदुऱ्याच्या पट्ट्यात कुठंतरी गाडी बाजूच्या लूप लाइनला घेतात. एक मेल जाते, दुसरी जाते. कधी पंधरा मिनिटं, कधी पाच तास. दोन्ही बाजूंना कपाशी, वर आभाळ. ‘पुढचा सिग्नल कधी पडेल ते ठाऊक नसतं, तेव्हा मला सगळं नीट दिसतं,’ हे म्हणाले. मला ते तेव्हा अजिबात पटलं नाही. तुमचं आभाळ आणि माझा मलेरिया, असं मी तोंडावर म्हणाले.

नोव्हेंबर 2002 मध्ये पुन्हा नाव निघालं. या वेळी मी समोर बसले. यांनी प्रमोशन घेतलं.

1 जानेवारी 2003 ला मी नवीन कालनिर्णय खिळ्याला लावलं आणि पेन घेऊन सबंध महिना लिहून काढला. एकतीस चौकोन, एका बैठकीत. देवळालीची शटल, ती अमुक वाजता सुटणार, हे तमुक वाजता घरी. ऊर भरून आल्यासारखं वाटलं. फेब्रुवारीही तसाच लिहिला. मार्चला अर्ध्यावर थांबले. एप्रिलचं पान कोरं राहिलं. लिहायचं काय? सगळं पाठ झालं होतं.

आधी वाटलं, थकवा असेल. मग हळूहळू लक्षात यायला लागलं. मुलं दाराकडे धावेनाशी झाली होती. पूर्वी शाळेतून येताना ओट्यावर काळे बूट दिसले की दोघं फाटकापासून ओरडत यायची, कारण बूट म्हणजे बाबा आणि बाबा म्हणजे सुट्टी. आता बूट कधी असणार ते त्यांना माहीत होतं. आणि मला आठवायला लागल्या त्या सगळ्या गोष्टी, ज्यांच्यावर मी त्या वेळी कुरकुर केली होती. आमच्याकडे दिवाळी पंचांगाप्रमाणे कधी झाली नाही. हे आले की दिवाळी. एकदा पाडव्याची ओवाळणी झाली ती भाऊबीज उलटल्यावर, पहाटे चारला. मुलांना झोपेतून उठवून उटणं लावलं, कॉलनीत एकट्या आमच्या दारात फुलबाज्या, आणि समोरचे शेजारी चादर पांघरून ओट्यावर बघत बसलेले. पुढे त्यांचीच मुलं विचारायला लागली, ‘काकू, तुमची दिवाळी कधी?’

जुलै 1999 मधला एक बुधवार तर मी पुन्हा पुन्हा आठवते. हे सकाळी नऊला आले, म्हणाले, पीआर, म्हणजे पिरियॉडिक रेस्ट लागली आहे, उद्या दुपारपर्यंत कॉल नाही. चार तास झोपतील असं मला वाटलं. बाहेर पाऊस लागलेला. यांनी चहा घेतला आणि म्हणाले, ‘अजिंठ्याला जायचं का?’ अकरा वर्षं मी लेण्यांपासून हाकेच्या अंतरावर राहत होते आणि एकदाही गेले नव्हते, कारण आमचा कुठलाच बेत कधी ठरत नसे. शाळेत जाऊन मुलांना मधल्या सुट्टीत काढलं. बाईंनी कारण विचारलं तेव्हा मी खरं तेच सांगितलं. एसटीनं जळगाव, तिथून औरंगाबादची गाडी. हे सबंध वाटभर खिडकीला डोकं टेकून झोपले. फर्दापूर सोडल्यावर डोंगर हिरवेगार. लेण्यांपाशी वाघूरचा धबधबा एवढा कोसळत होता की बोललेलं ऐकू येईना. पहिल्या लेण्यातल्या अंधारात पद्मपाणीसमोर आम्ही चौघंच होतो. मुलगा हळूच म्हणाला, ‘याला झोप आली आहे का बाबांसारखी?’ येताना पुरते भिजलो, स्टँडवर मिसळ खाल्ली. ठरवून गेलो असतो तर छत्र्या नेल्या असत्या, डबा नेला असता, रविवारची गर्दी असती. तो दिवस आला असता का? मला नाही वाटत.

लिंक लागल्यावर अशा सुट्ट्या महिनाभर आधी ठाऊक असायच्या. आम्ही बेत करायचो. बेताप्रमाणे जायचो. वाईट काही नव्हतं. पण मला माझाच राग यायचा. जे मागितलं ते देवानं दिलं होतं आणि मी रात्री दीडला जागी होऊन सायकलच्या घंटेची वाट पाहत होते.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मी लबाडी केल्यासारखं होईल. आमची अनिश्चितता पगारी होती. महिनाअखेर पैसे यायचे, डोक्यावर क्वार्टर होतं, पास होता. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या बाईंचा नवरा मालधक्क्यावर हमाल होता. रेक लागला तर मजुरी, नाही लागला तर नाही. तिच्या घरीसुद्धा उद्याचं काही ठाऊक नसायचं, पण त्यात आनंद शोध असं तिला सांगायला माझी जीभ रेटणार नाही. कुणी उठून ‘बेभरवशाच्या जगण्यात मजा आहे’ म्हणायला लागलं की मी आधी विचारते, घरात दाणे किती दिवसांचे आहेत? आणि दुसरं, रनिंग स्टाफच्या बायकांना कळकळीनं सांगते, रेस्टमधली झोप मोडू देऊ नका. खिडकीला काळं कापड लावा, पाहुण्यांना परत पाठवा, वाईटपणा घ्या. तो अजिंठ्याचा दिवस पीआरचा होता म्हणून गेलो. साध्या रेस्टमध्ये यांना मी भावाच्या साखरपुड्यालासुद्धा उठवलं नाही, आणि त्यावरून माहेरी दोन वर्षं बोलणी खाल्ली.

2004 मध्ये हे एक दिवस जेवताना म्हणाले, लिंकबाहेरची जागा मिळते आहे. कुणी रजेवर गेलं, आजारी पडलं की त्याची गाडी घ्यायची. वेळ ठरलेली नाही. पुन्हा पहिल्यासारखं. ‘अजून सही केलेली नाही,’ हे म्हणाले. ‘तू सांग.’

मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. मोजून तीन. चौथ्या दिवशी डबा भरताना म्हटलं, घ्या.

त्या महिन्यापासून चौकोन पुन्हा भरायला लागले. मुलं तोवर मोठी झाली होती, त्यांना पहाटेच्या दिवाळीचं तेवढं अप्रूप राहिलं नव्हतं. पण आम्ही दोघं मात्र रात्री दहाला स्टेशनवर चहा प्यायला चालत गेलो आहोत, सोमवारी सकाळी अचानक उठून शेगावला दर्शन घेऊन आलो आहोत, आणि एकदा नुसतंच तापीच्या पुलावरून गाड्या जाताना बघत दुपार काढली आहे. 2018 मध्ये हे निवृत्त झाले. एव्हाना कॉल मोबाइलवर यायला लागले होते. 2022 पासून तर गार्डला ट्रेन मॅनेजर म्हणतात.

म्हणजे 2001 मध्ये यांनी जे केलं ते बरोबर निघालं, असं मी म्हणते आहे का? आयुष्याचं म्हणाल तर हो. हे आयुष्य मला आवडलं, मनापासून आवडलं, आणि पुन्हा मिळालं तर मी तेच घेईन. पण ती सही मी माफ केलेली नाही. नंतर मला गोड लागलं म्हणून तेव्हा न विचारणं बरोबर ठरत नाही. हे दोन्ही माझ्यात शेजारी शेजारी आहेत, आणि मी त्यांचा हिशेब जुळवायला जात नाही.

भाचीला मी होच सांगितलं. वर एवढं सांगितलं की त्या मुलाला एक गोष्ट समोर बसवून विचार, कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी तू मला सांगशील का? तिनं विचारलं. त्यानं थोडा वेळ घेतला, मग हो म्हणाला. थोडा वेळ घेतला हे मला आवडलं.

लग्न वैशाखात आहे. मुलाची रजा अजून मंजूर व्हायची आहे.